परसबागेत कोणाच्या शेजारी काय लावायचं? (सांबार, पुदिना, गोडनिंब, गवती चहा वगैरे)

मानेवाड्याची_परसबाग
नमस्कार मंडळी. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू आहे, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून कुलरसमोर बसून पावसाळ्याची तयारी करून राहिली आहे.

दोन वर्षांआधी फ्लॅट सोडून मानेवाड्याला घरात राहायला आलो. मागे दहा बाय बारा फुटाची जागा आहे, सगळी काळी माती, एका कोपऱ्यात आधीच्या लोकांनी लावलेलं लिंबाचं झाड. स्वयंपाकघराचं दार तिथेच उघडते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मनात एकच आहे, की फोडणी तडतडत असताना हात बाहेर काढला की गोडनिंब, सांबार, पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं सगळं हाताशी पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात कंपॅनियन प्लांटिंगचा एक तक्ता सापडला, म्हणजे कोणतं झाड कोणाच्या शेजारी खुश राहते आणि कोणाशी पटत नाही असा. त्यावरून एकाच वाफ्यात पुदिना, तुळस, रोझमेरी लावली आणि मधेमधे झेंडू. जुलैत आठ दिवसांची झड लागली त्यात रोझमेरी बुडापासून काळी पडून गेली, पुदिन्याने तुळशीला घेरून टाकलं, आणि झेंडू एवढा माजला की खाली काही दिसेचना. तक्त्यात तर सगळे मित्र होते.

तर प्रश्न असा की आपल्या नागपूरच्या उन्हात, आपल्या मातीत, कोणाची जोडी खरंच जमते? ऐकीव नको, तुम्ही स्वतः लावून पाहिलेलं सांगा. मृग लागायच्या आत नकाशा काढायचा आहे.

तर्री_पोहे
पुदिना कुंडीत. जमिनीत लावला की दोन वर्षांत सातबारा त्याच्या नावावर होते.

गच्चीवाली
तर्री_पोहे :) :) अगदी. पण ताई, कुंडीत लावला तरी कुंडी मातीवर ठेवू नका, खालच्या भोकातून मुळं बाहेर काढते आणि जमीन पकडते. विटेवर ठेवा.

धुऱ्यावरची_अंबाडी
ताई, हे कंपॅनियन का काय म्हणता ते आपल्या इकडे नवीन नाही. आमचं गाव काटोलकडचं. वडील कापसात तुरीचे तास टाकत. कापसाच्या इतक्या ओळी झाल्या की एक तास तुरीचा, मधातच बरबटी म्हणजे चवळी, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी. लहानपणी वाटे की घरच्या खाण्यासाठी आहे हे सारं. मोठा झाल्यावर समजलं की बरबटीवर मावा, म्हणजे रस पिणारी बारीक कीड, आधी येते, माव्यामागे ढालकिडे येतात, ज्याला तुम्ही लेडीबर्ड म्हणता ते, आणि मग तेच ढालकिडे कापसावरचा मावा खायला तिथंच हजर राहतात. तूर वाढते हळू, कापसाचा जोर ओसरला की तिचा जोर सुरू होते, म्हणून दोघांचं भांडण होत नाही. मुळंही तुरीची खोल जातात.

म्हणजे जोडी लावताना तीन गोष्टी पाहायच्या. कोण किती दिवसांचं पीक आहे, कोणाची मुळं किती खोल आहेत, आणि कोणावर कोणती कीड येते. वास-बीस नंतर.

अजून एक. ढालकिड्याची अळी ओळखून ठेवा. लालगोल किडा सगळ्यांना माहीत असते पण त्याची अळी काळी, लांबुडकी, मगरीसारखी दिसते, अंगावर नारिंगी ठिपके. लोक तिला कीड समजून चिरडतात. मोठ्या किड्यापेक्षा तीच जास्त मावा फस्त करते.

मुळामुठा
एक बाळबोध शंका. सांबार लावायचं म्हणजे काय? सांबारात घालायच्या भाज्या का?

तर्री_पोहे
मुळामुठा, तुमची कोथिंबीर ती आमची सांबार. डाळीचं ते सांबर वेगळं. कधी नागपूरला आलात तर सांबारवडी खा, म्हणजे परत विसरणार नाही. हिवाळ्यात या पण, तेव्हाच्या सांबारला जो वास असते तो उन्हाळ्याच्या जुडीला येत नाही.

मुळामुठा
अरे वा! आणि गोडनिंब म्हणजे कढीपत्ता ना? एवढं माहीत आहे. आता वाचतो पुढे.

प्रयोगवही
मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि अंगणात झाडं लावते आहे त्याहून जास्त वर्षं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जे तक्ते फिरतात ते बहुतेक थंड देशांतले आहेत. तिथे उन्हाळा म्हणजे आपला जानेवारी. त्यात "टोमॅटोजवळ बेसिल लावलं की टोमॅटोची चव सुधारते" असं हमखास असतं. चवीचं सिद्ध झालेलं नाही. सोडून द्या.

झेंडूचं मात्र खरं आहे, पण लोक समजतात तसं नाही. झेंडूच्या मुळांमधून अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य निघतं, ते मातीतल्या सूत्रकृमींना (डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) मारक असतं. मुळांवर गाठी आलेली वांगी-टोमॅटोची झाडं पाहिली असतील, त्या गाठी करणारे हे सूत्रकृमी. पण चार झाडांत एक झेंडू खोचून हे होत नाही. त्या वाफ्यात दोन-तीन महिने दाट झेंडूच घ्यायचा, नंतर मुळांसकट मातीत मिसळायचा आणि त्यानंतर तिथे टोमॅटो. म्हणजे शेजारी कमी, आधीचा भाडेकरू जास्त.

दुसरा उपयोग सापळा पीक म्हणून. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे की टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ, आणि झेंडूचं रोप ४० दिवसांचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं. वयातला हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे दोघं एकाच वेळी फुलावर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. ही अळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच. पण झेंडूवरच्या अळ्या तुम्ही वेचल्या नाहीत तर तो सापळा न राहता पाळणाघर होतं.

इतवारीची_सून
प्रयोगवही मॅडम, पाळणाघर :)

माझ्या टोमॅटोजवळ तुळस आहे आणि पांढरी माशी खरंच कमी असते, हे मी तीन वर्षांपासून पाहते आहे. तुम्ही म्हणता सिद्ध नाही, पण डोळ्यांनी दिसते त्याचं काय?

प्रयोगवही
दिसतं ते खोटं म्हणत नाही मी. मी फक्त चवीबद्दल बोलले. तीव्र वासाची झाडं मधे असली की किडीला आपलं झाड शोधायला त्रास होतो असं काही पिकांत दिसून आलेलं आहे. पण एक करून पहा. एक टोमॅटो तुळशीजवळ आणि एक तुळशीपासून लांब, पण ऊन-पाणी सारखं. दोन्हींची पाच-पाच पानं उलटून सकाळी सकाळी माशा मोजायच्या, आठवड्यातून एकदा. तुमच्याकडे तीन वर्षांची नजर आहे, त्याला आकडे जोडले की मलाही मानावं लागेल.

इतवारीची_सून
मोजते. वहीत लिहून ठेवते.

आता आमच्या सासूबाईंची पद्धत सांगते, त्यांनी कुठला तक्ता पाहिलेला नाही. आमचं घर जुनं, मागे चौकात मोरीचं पाणी बाहेर पडते तिथे धोपा आणि पुदिना. (मुळामुठा, धोपा म्हणजे तुमचा अळू.) दोघांना पायात पाणी लागते, दोघं हावरट, म्हणून दोघांना एकत्र बांधून ठेवलं, मधे फरशी उभी गाडली आहे, त्याच्या पलीकडे पुदिना जात नाही. गोडनिंबाच्या सावलीत आलं आणि हळद, अक्षय तृतीयेनंतर लावतात, पानं सुकली की जानेवारी-फेब्रुवारीत काढतात. गोडनिंब खाली उघडा राहत नाही आणि आल्याला दुपारचं ऊन लागत नाही. आणि तुळस एकटी, वृंदावनात. "तिले कोणाची सोबत लागत नाही, तिची सोबत आपल्याले लागते," असं म्हणतात त्या.

गच्चीवाली
सासूबाईंना नमस्कार सांगा माझा. किती सुंदर बोलल्या.

प्रयोगवही
मोरीच्या पाण्यात साबण येतो ना? पुदिना कच्चा खातो आपण, चटणीत.

इतवारीची_सून
नाही मॅडम, भांड्यांचं पाणी वेगळ्या नालीत. तिथे फक्त तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणी जाते. पूर्वी राखेने भांडी घासत तेव्हा सगळंच जायचं, आता सासूबाईंनीच बंद केलं.

आंबिया_बहार
कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो. ताई, तुमच्याकडे लिंबाचं झाड आहे आणि तुम्हाला गोडनिंब लावायचा आहे. ही दोघं शेजारी लावू नका.

आमच्याकडे संत्र्याचा बगिचा आहे, त्यामुळे हे अनुभवाने शिकलो. गोडनिंब, लिंबू, संत्रा हे सगळे एका कुळातले. सिट्रस सायला नावाची कीड दोघांच्या कोवळ्या फुटीवर वाढते. बारीक तपकिरी किडा, पानावर डोकं खाली आणि शेपूट वर करून बसते, एकदा पाहिलं की विसरत नाही. पिल्लं शेंड्याला चिकटून रस पितात आणि पांढरे मेणासारखे धागे सोडतात, पान वाकडं होते. संत्र्यात हीच कीड ग्रीनिंग रोग पसरवते, म्हणून आम्ही हिला फार घाबरतो. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे लोकही नवी फूट तपासा म्हणून सांगत असतात, कारण जुन्या, निबर झालेल्या फुटीवर ही वाढत नाही, कोवळ्यावरच वाढते.

आता घरी तुम्ही काय करता? गोडनिंब रोज तोडता. तोडला की नवी फूट येते. म्हणजे लिंबाला फूट नसेल तेव्हाही सायलाला शेजारी वर्षभर जेवण चालू. लिंबाला आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा संपता संपता येणारी, फूट आली की सारी फौज तिकडे. एवढ्याशा अंगणात लांब म्हणजे किती लांब, ती कीड उडते, हे मान्य आहे. पण फांद्या तरी एकमेकांना लागू देऊ नका, आणि दोन्हींची कोवळी फूट एकाच दिवशी तपासायची सवय लावा. दिसली की शेंडा खुडून टाका, किंवा ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी मारायचा.

मानेवाड्याची_परसबाग
बाप रे. मी तर नेमका लिंबाच्या बाजूलाच खड्डा करून ठेवला आहे गोडनिंबासाठी! बरं झालं सांगितलं दादा.

आणि लिंबावर मला पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसते पानावर, ते काय?

पाखरू
ती शीट नाही, अळी आहे! लिंबाच्या फुलपाखराची. लहान असते तेव्हा काळी-पांढरी, हुबेहूब शिटेसारखी, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने हळूच टोचून पाहा, डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि आंबट उग्र वास सोडते. आमच्या सोसायटीतल्या पोरांना दाखवलं तर अर्धा तास कोणी हललं नाही तिथून.

कृपया मारू नका. मी गोडनिंबाचं एक जास्तीचं झाड फक्त त्यांच्यासाठी कुंडीत ठेवलं आहे, लिंबावरच्या अळ्या उचलून त्यावर नेऊन सोडते.

आंबिया_बहार
पाखरूताई, तुमचं मन मोठं आहे, पण आमच्या बगिच्यात रोपांवर दहा अळ्या असल्या तर दोन दिवसांत फक्त काड्या उरतात. मोठ्या झाडाला फरक पडत नाही, लहान रोपाला पडते. ताईंचं लिंबू मोठं आहे का?

मानेवाड्याची_परसबाग
हो, माझ्या डोक्यावरून गेलं आहे.

आंबिया_बहार
मग राहू द्या त्यांना.

पाखरू
धन्यवाद दादा _/\_

वर्धारोड
मच्छरांसाठी कोणती जोडी लावू? गेल्या वर्षी गवती चहा आणि तुळस दाराजवळ लावली तरी संध्याकाळी तेच. वरून ज्या नर्सरीतून गवती चहा आणला त्याचा चहा केला तर साबण प्यायल्यासारखा लागला.

प्रयोगवही
तो गवती चहा नसावा, सिट्रोनेला असेल. दोन्ही जवळच्या नात्यातली गवतं, पण जाती वेगळ्या, आणि सिट्रोनेला तेलासाठी लावतात, पिण्यासाठी नाही. बुडाकडे पाहा. गवती चहाचं बूड पांढरट हिरवं असतं, सिट्रोनेलाचं लालसर-जांभळट. चहा बंद करा त्याचा.

मच्छरांबाबत वाईट वाटतं सांगायला, पण नुसतं उभं झाड मच्छर पळवत नाही. तेल पानाच्या आत असतं, पान चुरडल्याशिवाय बाहेर येत नाही. तुमचा कुलर रिकामा करून घासता का दर आठवड्याला? डेंगीचा मच्छर तिथेच वाढतो, झाडाच्या वासाने तो थांबणार नाही.

वर्धारोड
करतो, आता रविवारी नक्की. ते पाणी कुंड्यांना टाकलं तर चालेल ना? फेकायला जीवावर येते.

गच्चीवाली
नका टाकू! मी हेच केलं एका मे महिन्यात. कुलरच्या जाळीवर पांढरी खपली बसते ना, तो क्षार आहे. पाणी उडून जाते आणि क्षार टबातच राहते, दिवसागणिक वाढत जाते. कुंडीत टाकलं की मातीवर तीच पांढरी खपली, आणि पानांच्या कडा जळल्यासारख्या. माझा अख्खा पुदिना करपला. अंगण धुवायला वापरा.

बरं आता मूळ प्रश्नावर माझं म्हणणं. प्रताप नगरला गच्चीवर माझ्या साठ कुंड्या आहेत आणि मी सगळे तक्ते सोडून फक्त एक पाहते: कोणाला किती तहान लागते. माझ्या दोन रांगा आहेत. ओली रांग म्हणजे पुदिना, सांबार, पालक, आलं. यांना उन्हाळ्यात दोनदा पाणी आणि वरून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. कोरडी रांग म्हणजे ओव्याची पानं, रोझमेरी, ओरेगॅनो, मरवा. यांच्या मातीत निम्मी रेती, आणि पाणी बोट खुपसून कोरडं लागलं तरच. झड लागली की ही रांग उचलून छज्ज्याखाली. तुळस दोन्हींच्या मधे.

ताई, तुमच्या वाफ्यात भांडण वासाचं नव्हतंच. पुदिन्याला रोज पाणी पाहिजे, रोझमेरीला आठवड्यातून एकदा. तुम्ही पुदिन्याच्या हिशेबाने पाणी दिलं, त्यात काळी माती पाणी धरून ठेवणारी, वरून झड. रोझमेरी कशी जगेल बिचारी. ओव्याची पानं जाड असतात, स्वतःच पाणी साठवतात, ती रोझमेरीची खरी सोबतीण.

धुऱ्यावरची_अंबाडी
+१ गच्चीवाली. ज्यांची तहान एक त्यांची जोडी. आमच्या विदर्भात बाकी सारं त्याच्या मागून.

त्यात एकच जोडतो, ताईची जागा जमिनीवर आहे म्हणून. काळ्या मातीत सपाट वाफा करू नका, गादीवाफा करा, वीतभर तरी उंच. शेणखत आणि कन्हान नदीची रेती मिसळा. पाऊस उघडल्यावर वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर झाल्याशिवाय, मातीत हात घालू नका, चिखलात खुरपलं की तिची वीट होते.

आणि हिवाळ्यासाठी लसूण-मेथीची जोडी लिहून ठेवा. ऑक्टोबरात लसणाच्या पाकळ्या टोचल्या की दोन ओळींच्या मधे मेथी. मेथी महिन्याभरात ताटात येते, तोवर लसणाला जागा लागतच नाही, त्याला चार-साडेचार महिने आहेत. फक्त मेथी उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापा. एक झाड मुद्दाम उपटून मुळं धुवून पाहा, ज्वारीच्या कणीएवढ्या गाठी दिसतील. नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर ती गाठ हवेतला नत्र धरण्याचं काम करून राहिली आहे. पांढरी किंवा हिरवट असली तर नाही. त्या गाठी जमिनीत राहिल्या तर सडून लसणाच्या कामी येतात, तुम्ही उपटून उकिरड्यावर टाकल्या तर गेल्या.

मुळामुठा
काका, माझ्याकडच्या तक्त्यात लसूण आणि कडधान्याच्या कुळातली झाडं एकत्र नकोत असं ठळक लिहिलंय. मेथी त्याच कुळातली ना?

धुऱ्यावरची_अंबाडी
त्याच कुळातली. पण आमच्या घरी ही जोडी माझ्या आजीपासून आहे आणि दोन्ही उत्तम येतात. तुम्ही हातभर जागेत लावून पाहा आणि सांगा मला.

प्रयोगवही
काकांच्या जोडीत मेथी एवढ्या लवकर निघून जाते की भांडायला वेळच नाही. आणि ती गुलाबी गाठ मी दरवर्षी मुलांना वर्गात दाखवत असे. फळ्यावर काढलेली कोणाला आठवत नाही, नखाने फोडलेली सगळ्यांना आठवते.

ताई, माझी एक विनंती. ऑक्टोबरात सांबार पेराल त्यातली चार-पाच झाडं कापू नका, फुलू द्या. सांबार, शेपू, बडीशेप यांची फुलं छत्रीसारखी आणि उथळ असतात. ढालकिडे, सिरफिड माश्या (एका जागी तरंगतात त्या), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा किडा), बारीक गांधीलमाश्या यांची तोंडं लहान, त्यांना अशाच फुलांतला मध आणि पराग खाता येतो. मित्रकिडींना मावा नसेल त्या दिवसांत टिकवून ठेवायचं तर हे खाणं लागतं. माझ्या मते साऱ्या कंपॅनियन प्लांटिंगमध्ये भरवशाची गोष्ट हीच आहे, आणि आपण नेमकं फूल यायच्या आत सांबार कापून मोकळे होतो.

बडीशेप मात्र एका बाजूला लावा, मोठी होते आणि शेजाऱ्यांना दाबते.

मानेवाड्याची_परसबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोन वाजेपर्यंत वही घेऊन बसली होती. नकाशा असा ठरला:

गोडनिंब लिंबाच्या तिरप्या कोपऱ्यात, खाली आलं-हळद. भाजी धुतलेलं पाणी जिथे पडते तिथे विटेवर पुदिन्याच्या दोन कुंड्या आणि जमिनीत धोपा. मधला सगळा गादीवाफा, पावसाळाभर त्यात दाट झेंडू, दसऱ्याला तोरण आणि नंतर मुळांसकट मातीत. मग सांबार, लसूण, मेथी. स्वयंपाकघराच्या दाराशी छज्ज्याखाली ओव्याची पानं आणि पुन्हा एकदा रोझमेरी, रेतीत. गवती चहा कंपाउंडला, बूड पाहून आणीन. कंपाउंडवर वालाचा वेल.

तर्री_पोहे
आणि सांबारवडीचं बोलावणं कधी ते नकाशात दिसलं नाही.

मानेवाड्याची_परसबाग
(जानेवारीचा शेवटचा आठवडा)
धागा वर काढते आहे, कारण आज सकाळी जे पाहिलं ते तुम्हालाच सांगायचं होतं.

गेल्या आठवड्यात चार दिवस ढगाळ होतं, आणि वालाच्या शेंड्यांवर काळा मावा असा दाटला की देठ दिसत नव्हतं. यांनी फवारा भरून आणला. तेवढ्यात मला एक काळी, मगरीसारखी, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली, काकांनी लिहिलेली तशीच. यांचा हात धरला, म्हटलं थांबा. मग मी स्टूल घेऊन बसली. ती अळी एक मावा पकडते, समोरून उचलते, हलवते, आणि थोड्या वेळात नुसतं रिकामं साल उरते. मग पुढचा. माझा चहा थंड होईपर्यंत तिने सोळा खाल्ले, मी मोजले. खाली सांबारची फुलं पांढरी फटक, त्यावर ढालकिडे फिरून राहिले होते आणि बारीक पिवळ्या-काळ्या माश्या एका जागी तरंगत होत्या. फवारा तसाच ठेवला. आज पाचव्या दिवशी त्या शेंड्यांवर रिकामी सालं आहेत आणि वालाला नवी फुलं.

बाकी हिशेब: पुदिना कुंडीत आहे. रोझमेरी जिवंत आहे, नवीन फुटवे आहेत! मेथी विळ्याने कापली, गाठी गुलाबी निघाल्या, मुलाने शाळेत नेल्या दाखवायला. गोडनिंब अजून लहान आहे, वाढत नाही फारसा. आलं काढलं, पावणेदोन किलो.

धुऱ्यावरची_अंबाडी
ताई, डोळ्यांत पाणी आलं वाचून. वडिलांना सांगता आलं असतं तर फार आवडलं असतं त्यांना.

गोडनिंबाची चिंता नको, पहिली दोन वर्षं तो खालीच काम करते. पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह कमी पडून राहिलं, काळ्या चुनखडीच्या मातीत होते ते.

प्रयोगवही
सोळा! वहीत तारीख घालून लिहा. एक विचारते. सांबारची फुलं नाहीत अशा ठिकाणी दुसरा वाल आहे का तुमच्याकडे?

मानेवाड्याची_परसबाग
आहे मॅडम, समोरच्या गेटवर. तिथेही मावा आला. ढालकिडे तिथेही आहेत पण मी शोधले तेव्हा दोनच सापडले, आणि शेंडे अजून काळेच आहेत.

प्रयोगवही
एका अंगणातलं एका वर्षाचं आहे, तरी फार मोलाचं. पुढच्या वर्षी जागा बदला, गेटखाली सांबार फुलवा आणि मागे कापून टाका. उलटं झालं तर मी स्वतः पेढे घेऊन येईन.

इतवारीची_सून
मॅडम, माझे पण आकडे आले आहेत. अकरा आठवडे मोजलं. तुळशीजवळच्या टोमॅटोवर कमी होत्या माश्या, पण फक्त नोव्हेंबरपर्यंत. डिसेंबरात थंडी पडली तशी दोन्हीकडे सारख्याच, आणि तुळसही तेव्हा मरगळली होती. वहीचे फोटो टाकते रात्री.

प्रयोगवही
टाकाच. तुळस मरगळली हे टिपून ठेवलंत, हे उत्तम केलंत.

गच्चीवाली
ताई, फेब्रुवारी संपायच्या आत शेडनेटचे बांबू रोवून ठेवा, मार्चमध्ये माती दगड होते. आणि फुललेल्या सांबारचे धणे होतील ते थोडे मला ठेवा.

मानेवाड्याची_परसबाग
नक्की. कधी काढायचे ते?

धुऱ्यावरची_अंबाडी
दाणे हिरव्याचे पिवळसर तपकिरी झाले की सकाळी दव असतानाच छत्र्या कापा, दुपारी कापल्या की गळतात. सावलीत उलटे टांगा, खाली कापड. पेरायच्या वेळी दाणा हलक्या हाताने रगडून दोन फोडी करा, एका दाण्यात दोन बिया असतात.

तर्री_पोहे
आणि उरलेल्या सांबारच्या वड्या. रविवारी मोकळा आहे मी.

मानेवाड्याची_परसबाग
या ना दादा, रविवारी सगळेच या. वड्या पन्नास करते. पुदिन्याची काडी ज्याला पाहिजे त्याने डबा घेऊन यावं.